स्तोत्र ८९ पहिल्या चार वचनांवर सोडू नका

जय ख्रिस्त सगळ्यांना. तासगाव बाजूच्या एका भावाने मला विचारलंय, मावशी म्हणतो मला, त्याचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशावर बोलतीय. दोन एकर द्राक्षबाग आहे, गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, वेळेवर झाली होती, फुलोऱ्यात अवकाळी पाऊस आला तो चार दिवस हललाच नाही, डावणी हा बुरशीचा रोग पडला आणि निम्मे घड गेले. जो माल वाचला तो दलालाने उचलला आणि पैसे द्यायची वेळ आली तेव्हा फोन बंद. सोसायटीचं कर्ज डोक्यावर तसंच. आणि त्याच वर्षात वडील गेले. आता रविवारी उपासनेला जातो तर स्तोत्र ८९ ची पहिली चार वचनं वाचली जातात, देवाची दया सर्वकाळ गाईन, त्याचा विश्वासूपणा पिढ्यानपिढ्या सांगेन, मग सगळे उभे राहून गातात आणि याच्या तोंडातून शब्द फुटत नाही. विचारतो की मावशी, गायलो तर ते ढोंग होतं आणि नाही गायलो तर विश्वास गेला असं वाटतं, मी करू काय. वर आत्या म्हणते घरात काहीतरी पाप असणार म्हणून देवाने हात काढून घेतला.

लांबलचक होणार आहे हे उत्तर, चहा घेऊन बस.

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी धर्मशास्त्र शिकलेली बाई नाही. नर्सिंग मिरजेत केलं, डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात, आणि पुढं चौतीस वर्षं वेगवेगळ्या वॉर्डांत काढली, त्यातली निम्मी हाडांच्या वॉर्डात. रिटायर झाल्यावर महिला मंडळात स्तोत्रांचा वर्ग घेते. त्यामुळं माझं स्तोत्रांचं ज्ञान पुस्तकातलं कमी आणि खाटेजवळचं जास्त आहे. आणि खाटेजवळ बसून मला एक कळलंय, की दिवसा भेटायला आलेले पाहुणे पेशंटला तेविसावं स्तोत्र वाचून दाखवतात, हिरवी कुरणं आणि शांत पाणी, आणि रात्री दोन वाजता तोच पेशंट म्हणतो सिस्टर दुसरं काहीतरी वाचा हो. त्याला तेव्हा तेरावं पाहिजे असतं, कुठवर विसरणार देवा मला. बेचाळिसावं पाहिजे असतं, आसवं हेच माझं अन्न झालंय असं म्हणणारं. दीडशे स्तोत्रांतला तिसरा हिस्सा तरी अशा रडण्याभांडण्याचा आहे आणि आपल्या उपासनेत तो किती वेळा वाचला जातो ते तूच सांग.

तर स्तोत्र ८९. मला पाळकसाहेबांना नावं ठेवायची नाहीत पण हे स्तोत्र पहिल्या चार वचनांवर तोडणं म्हणजे फ्रॅक्चर झालेल्या माणसाचा जुना एक्सरे दाखवून हाड छान आहे म्हणण्यासारखं आहे. बावन्न वचनांचं स्तोत्र आहे ते. पहिल्या अठरा वचनांत देवाची स्तुती, तो समुद्राचा माज उतरवतो, लाटा उसळल्या की त्यांना गप्प करतो, ताबोर आणि हर्मोन डोंगर त्याच्या नावाने गातात. एकोणिसाव्यापासून सदतिसाव्यापर्यंत देवाने दाविद राजाला दिलेला शब्द, तुझं राजासन सूर्यासारखं टिकेल, चंद्रासारखं कायम राहील, मी माझ्या पवित्रतेची शपथ घेतलीय, दाविदाशी खोटं बोलणार नाही. आणि मग अडतिसाव्या वचनात एकदम ब्रेक. पण तूच टाकून दिलंस. तूच करार मोडलास, मुकुट धुळीत मिळवलास, कुंपणं पाडलीस, येणारा जाणारा लुटतोय आम्हाला, शेजारी हसतायत. त्यात तू तू तू असं सारखं येतं बघ. शत्रूने केलं असं तो म्हणतच नाही, देवा तू केलंस म्हणतो. हे बायबलात आहे, कुणा नास्तिकाने लिहिलेलं नाही. येणारा जाणारा लुटतो हे वचन वाचून मला तुझा तो फोन बंद केलेला दलालच आठवला.

आता मूळ मुद्दा जो मला सांगायचाय. लोकांना वाटतं स्तोत्राचा पहिला भाग म्हणजे स्तुती आणि दुसरा भाग म्हणजे तक्रार, म्हणजे लिहिणाऱ्याचा मूड मधेच बिघडला. मला तसं वाटत नाही. तू सोसायटीत किंवा तलाठ्याकडं भांडायला जातोस तेव्हा रिकाम्या हाताने जातोस का? कागद घेऊन जातोस. आधी कागद नीट वाचून दाखवतोस, हे बघा साहेब, ही तुमची सही, हा शिक्का, ही तारीख. आणि मग म्हणतोस, आता सांगा. ज्याच्या नावावर हे स्तोत्र आहे तो एथान तेच करतोय. पहिली सदतीस वचनं म्हणजे त्याने देवासमोर उलगडलेला कागद आहे. त्यातला शब्द न् शब्द त्याला खरा वाटतो म्हणून तर पुढची चौदा वचनं तो एवढ्या जोरात भांडू शकतो. ज्याच्या शब्दावर भरवसाच नाही त्याच्याशी कोण कशाला भांडेल, त्याला आपण सोडून देतो. एकोणपन्नासाव्या वचनात तो सरळ विचारतो, प्रभू, तुझी ती पूर्वीची दया कुठं गेली, जिची शपथ तू तुझ्या विश्वासूपणाने दाविदाला वाहिली होतीस. बघ, पहिल्या वचनात जे दोन शब्द गायले तेच दोन शब्द शेवटाकडं प्रश्न म्हणून समोर ठेवले. मूळ हिब्रूत ते दोन शब्द आहेत हेसेद म्हणजे दया आणि एमुना म्हणजे विश्वासूपणा, आणि हे दोन्ही या एका स्तोत्रात सात सात वेळा येतात. दोन्हींची सातवी वेळ या प्रश्नातच आहे. हे चुकून झालेलं नाही.

एमुना या शब्दावर जरा थांबते कारण मला तो फार आवडतो. आपल्या मराठीत कुठं सत्यता म्हणून येतो, कुठं विश्वासूपणा. आपण रोज म्हणतो तो आमेन पण त्याच मुळातला. पण हा शब्द बायबलात एका ठिकाणी अगदी साध्या हाताबद्दल आलाय. निर्गम सतराव्या अध्यायात इस्राएलची अमालेक लोकांशी लढाई चाललेली, त्यांचा पुढारी मोशे याचे हात वर असले की इस्राएल जिंकतो, खाली आले की हरतो, आणि म्हातारा माणूस तो, हात दुखायला लागले. मग त्याला दगडावर बसवलं आणि अहरोन आणि हूर एकेका बाजूने त्याचे हात धरून उभे राहिले, आणि बाराव्या वचनात लिहिलंय की सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले. तो स्थिर जो शब्द आहे तो एमुना.

हाडांच्या वॉर्डात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळतं. प्लास्टर घालताना एकाला पेशंटचा पाय वर धरून उभं राहावं लागतं. डॉक्टर पट्ट्या गुंडाळतात, त्यांचं नाव होतं, पण पाय धरणाऱ्याने काय करायचं असतं तर काहीच नाही, फक्त हलायचं नाही. प्लास्टर सेट होईपर्यंत. हात भरून येतात, खांदे जळायला लागतात, पेशंट ओरडत असतो, कधी कधी शिव्या देतो, आणि तुम्ही जरा ढिला हात सोडलात की हाड वाकडं बसतं. पेशंटला तर वाटतं ही बाई नुसती उभी आहे, दुखतंय माझं आणि ही काही करत नाही. मी अशा किती शिव्या खाल्ल्यात. देवाचा विश्वासूपणा म्हणजे आपल्याला वाटतं त्याने पटकन येऊन दुखणं काढावं, आणि हा शब्द सांगतो त्याने हात सोडलेला नाही. दुखतंय हे खरं आहे. ओरडायला पण परवानगी आहे, प्लास्टर रूममध्ये ओरडलं म्हणून आम्ही कुणाला बाहेर काढलं नाही.

बरं, हे सगळं सोपं वाटतंय का मला? नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णा आयर्विन पुलाजवळ सत्तावन्न फुटांच्या पुढं गेली. धोका पातळी पंचेचाळीस फूट आहे हे आमच्याकडं पोरासोरांना पाठ असतं, २००५ चा पूर आम्ही बघितलेला, त्यामुळं आम्ही सामान माळ्यावर टाकलं आणि म्हटलं २००५ ला इथवर आलं होतं, त्याच्यावर दोन फूट धरू. पाणी माळ्यावर गेलं. माझ्या वडिलांचं बायबल होतं, त्यांच्या हातच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या त्यात, तेही तिथंच ठेवलेलं. दहा दिवसांनी घरी गेलो तेव्हा ते फुगून पावासारखं झालं होतं आणि पानं एकमेकांना अशी चिकटलेली की उघडायला गेलं की चिंधी हातात. बाकी सामानाचं सांगत नाही, तुम्ही सगळ्यांनी ते फोटो बघितलेत.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. आम्ही एका शाळेत होतो, निवारा केंद्र केलेलं, मी आपली बीपीचं मशीन घेऊन लोकांना तपासत फिरत होते, हाताला काम असलं की बरं असतं. संध्याकाळी आमच्या मंडळीतल्या एकांनी म्हटलं सिस्टर तुम्ही प्रार्थना घ्या. मी फोनवर स्तोत्र ८९ काढलं कारण मला ते तोंडपाठसारखं, वर्गात किती वेळा घेतलेलं. वाचत वाचत नवव्या वचनापर्यंत आले, समुद्राच्या उन्मत्तपणावर तू सत्ता चालवतोस, त्याच्या लाटा उसळतात तेव्हा तू त्या शांत करतोस, आणि माझा आवाजच बंद झाला. खिडकीतून पाण्याचा वास येत होता. मला रागच आला, खरं सांगते, देवाचा. मी पुढचं सगळं सोडलं आणि एकदम अडतिसाव्या वचनावर गेले आणि तिथून शेवटपर्यंत वाचलं, जरा मोठ्यानेच वाचलं. हॉल शांत झाला. कोपऱ्यात एक शेतकरी बसलेले, आपल्या मंडळीतले नव्हेत, त्यांच्या दोन म्हशी दावणीलाच गेलेल्या, सोडायला वेळ मिळाला नव्हता. ते तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते. ते म्हणाले, बाई, हे तुमच्या पोथीत लिवलंय व्हय? मी म्हटलं हो. ते म्हणाले, परत वाचा. परत वाचलं. मग ते रडले, आणि रडून झाल्यावर जेवले. मला आजही वाटतं त्या दिवशी मी वाचायला घेतलेल्या स्तुतीपेक्षा त्या भांडणाने देवाचं नाव जास्त मोठं झालं. अर्थात पहिला भाग मी सोडून दिला ही चूकच होती, कागद न दाखवता नुसतं भांडले, पण माणूस आहे मी.

आणि आपल्या मातीत हे नवीन थोडंच आहे. जनाबाईने विठ्ठलाला काय काय म्हटलंय ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे, तिच्या भक्तीवर कुणी शंका घेतली का? नारायण वामन टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणि ओवीत आणला आणि शेवटच्या काळात, १९१७ साली, साताऱ्यात देवाचा दरबार नावाची ख्रिस्तभक्तांची मंडळी सुरू केली, तो या हक्काच्या भक्तीच्या वळणावरचाच माणूस. मग आपणच मंडळीत येऊन असे इस्त्री केलेले का होतो ते मला कळत नाही. असो.

आता आत्याचं म्हणणं. पाप असणार म्हणून झालं. याला स्तोत्रातच उत्तर आहे आणि ते जरा बारकाईने बघ. तीस ते तेहेतीस या वचनांत देव म्हणतो, त्याच्या वंशाने माझे नियम मोडले तर मी छडीने शिक्षा करीन, पण माझी दया त्याच्यावरून काढणार नाही, माझा विश्वासूपणा खोटा ठरू देणार नाही. म्हणजे शिक्षेचं कलम करारात होतं, एथानाला ते माहीत होतं, त्याने स्वतःच ते वाचून दाखवलं. आणि तरी अडतिसाव्यापासून पुढं तो एकदाही म्हणत नाही की आमचं पाप म्हणून झालं. दुसऱ्या स्तोत्रांत आहे तसं, एकावन्नाव्यात अख्खी पापकबुली आहे, पण इथं नाही. तो शिक्षेवर भांडत नाहीये, तो म्हणतोय ठरलं होतं त्याच्या पलीकडं गेलं हे. आणि दुसरं, येशूला शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, तर तो म्हणाला याचंही नाही, आईबापाचंही नाही. योहान नववा अध्याय. आत्याला वाचायला दे, भांडू नको तिच्याशी, तिचा पण भाऊ गेलाय, तिला कारण पाहिजे असणार. आणि पाऊस काय फक्त तुझ्या दोन एकरावर पडला होता का रे? तासगाव, कवठेमहांकाळपर्यंत बागा गेल्या असतील, सगळ्यांच्याच घरात पाप म्हणायचं का मग.

स्वतःलाही विचारशील कधीतरी, माझं काही चुकलं का. फवारणी उशिरा झाली असेल, दलालाकडून आगाऊ रक्कम न घेता माल दिला असेल, तर ते चुकलं म्हण आणि पुढच्या वर्षी आधी पैसे मग गाडी. हिशेबाच्या चुकीला पाप बनवू नकोस आणि पापाला हिशेबाची चूक बनवू नकोस, दोन्ही वह्या वेगळ्या ठेव.

हे स्तोत्र कुठल्या प्रसंगाचं यावर अभ्यासक बोलत असतात. बरेच जण म्हणतात बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम पाडलं, ख्रिस्तपूर्व ५८६ च्या आसपास, दाविदाचं राज्य संपलं, त्याचं हे रडणं. पंचेचाळिसावं वचन म्हणतं त्याच्या तारुण्याचे दिवस तू कमी केलेस, त्यावरून काहींना यहोयाखीन राजा आठवतो, अठराव्या वर्षी गादीवर बसला आणि तीन महिन्यांत कैदी होऊन बाबेलला गेला. वरती नाव एथान एज्राहीचं आहे, आणि १ राजे चौथ्या अध्यायात शलमोन किती शहाणा हे सांगताना म्हटलंय की एथान एज्राहीपेक्षाही शहाणा. म्हणजे शहाणपणाचं माप म्हणून ज्याचं नाव घ्यायचे त्याच्या नावावर हे स्तोत्र आहे, आणि त्यात उत्तर नाही. शेवटपर्यंत देव एक शब्द बोलत नाही. मधे जे बोललेला आहे ते जुनं, आठवणीतलं.

आपण ख्रिस्ती लोक लगेच पुढं उडी मारतो, की दाविदाचं राजासन येशूमध्ये पुरं झालं. झालं ना, मी पण तेच मानते. लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत मरियेला तेच सांगतो, आणि प्रकटीकरणाच्या पहिल्या अध्यायात येशूला विश्वासू साक्षी आणि ज्येष्ठ म्हटलंय ते शब्द याच स्तोत्राच्या सत्ताविसाव्या आणि सदतिसाव्या वचनाची आठवण करून देणारे आहेत. पण यरुशलेम पडल्यापासून बेथलेहेमपर्यंत जवळजवळ सहाशे वर्षं होतात. सहाशे वर्षं लोकांनी हे स्तोत्र शेवटच्या प्रश्नासकट म्हटलं आणि उत्तर न बघता मेले. त्यांचा विश्वास कमी होता का? तुला दुसऱ्या वर्षी गाता येत नाही म्हणून तू एवढा घाबरलास.

आणि आता ते बावन्नावं वचन. एकावन्नापर्यंत भांडण चालू आहे, शत्रू निंदा करतायत यावर बोलणं संपतं, आणि मग अचानक, परमेश्वर सर्वकाळ धन्यवादित असो, आमेन, आमेन. माझ्या वर्गातल्या बायका नेहमी विचारतात की सिस्टर हा एकदम कसा काय खूश झाला. तर तो खूश झालेला नाही. स्तोत्रसंहितेची पाच पुस्तकं आहेत, एक्केचाळीस, बहात्तर, एकोणनव्वद, एकशे सहा आणि दीडशे या स्तोत्रांवर एकेक पुस्तक संपतं, आणि पहिल्या चारांच्या शेवटी असं एक धन्यवादाचं वाक्य जोडलेलं आहे. स्तोत्रं गोळा करून लावणाऱ्यांनी ते तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी लावलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हा आमेन एथानाचा नसेलच कदाचित, मंडळीचा असेल. त्याला जे म्हणवत नव्हतं ते बाकीच्यांनी त्याच्या भांडणाच्या शेजारी उभं राहून म्हटलं, आणि त्याचं भांडण पुसलं नाही, तसंच ठेवलं. अहरोन आणि हूर परत तेच करतायत बघ.

म्हणून तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की रविवारी तुला गाता येत नसेल तर गाऊ नको. उभा राहा फक्त. बाकीचे गातायत ते तुझ्या वाटचं पण गातायत असं समज, आणि कधीतरी दुसऱ्याची बाग जाईल, दुसऱ्याचा बाप जाईल, तेव्हा तू गाशील आणि तो गप्प उभा राहील. ढोंग कधी होतं माहितीये, घरी देवाशी एक अक्षर बोलायचं नाही आणि मंडळीत हात वर करून गायचं तेव्हा. तू निदान मला विचारतोयस म्हणजे तुझं त्याच्याशी बोलणं चालू आहे, जरा वाकड्या वाटेने का होईना.

आणि कुणी प्रेषित पौलाचं वाक्य तोंडावर मारलं की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, तर नीट वाचायला सांग, सर्व स्थितीत असं आहे, सर्व स्थितीबद्दल असं नाही. डावणीबद्दल देवाचे आभार मान असं त्या वाक्यात सांगितलेलं नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर फार चांगले होते, तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं.

घरी कसं वाचायचं ते सांगते कारण नुसतं वाच म्हटलं तर तू मोबाईलवर वरून खाली सरकवशील. पहाटे बागेत जायच्या आधी बस, किंवा विहिरीच्या कट्ट्यावर, जिथं कुणी ऐकणार नाही, आणि मोठ्याने वाच, अख्खी बावन्न वचनं, दहा मिनिटं पण लागत नाहीत. सेला असं चार ठिकाणी आहे, चौथ्या वचनानंतर, सदतिसाव्यानंतर, पंचेचाळिसाव्यानंतर आणि अठ्ठेचाळिसाव्यानंतर. त्या शब्दाचे अर्थ लोक बरेच सांगतात, मी माझ्या पेशंटना एवढंच सांगायचे की इथं श्वास घ्या. सदतिसाव्यानंतरचा सेला सगळ्यात लांब घे. तिथं कागद वाचून झालाय आणि भांडण अजून सुरू व्हायचंय, तिथं तुझ्या कागदावरची वचनं आठव, बाप्तिस्म्यात काय ऐकलंस, लग्नात काय प्रार्थना झाली, वडील जेवताना काय म्हणायचे. मग अडतिसाव्यापासून तुझं स्वतःचं भर त्यात, नावं घेऊन. घड, दलाल, सोसायटीची नोटीस, वडिलांचा शेवटचा आठवडा. देवाला मराठी कळतं, तासगावचं पण कळतं.

एक सावधगिरी. याच्या आधीचं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र हेमान एज्राहीच्या नावावर आहे आणि ते अंधारातच संपतं, त्याला शेवटी आमेन पण नाही. चांगलं आहे, खरं आहे, पण एकट्याने रात्री वाचू नकोस. हरिपूरला हळदीची पेवं असायची ना जमिनीत, त्यात उतरायच्या आधी तोंड उघडून काही तास हवा खेळू द्यायचे आणि वर माणूस ठेवून मगच खाली जायचे, नाहीतर आतल्या कोंडलेल्या हवेने माणूस जायचा. तसंच आहे ते. बायकोला जवळ बसव आणि मग वाच.

आणि आता नर्स म्हणून बोलते, हे स्तोत्राच्या वर्गात बसणारं नाही पण सोडणार नाही. तू लिहिलंयस की रात्री तीन तीन वाजेपर्यंत झोप नाही आणि जेवण जात नाही. किती दिवस झाले? दोन आठवड्यांच्या वर गेलं असेल तर डॉक्टरला दाखव, प्रार्थनेने होईल असं म्हणून थांबू नकोस, लूक स्वतः वैद्य होता. आणि मनात जर कधी असं आलं की आपण नसतो तर बरं झालं असतं, फवारणीच्या औषधाच्या डब्याकडं नुसती नजर जरी गेली, तर तो डबा आजच भावाच्या घरी नेऊन ठेव आणि १४४१६ वर फोन कर, सरकारचा टेलिमानस नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असतो. यात लाजायचं काही नाही. एलिया संदेष्टा झाडाखाली बसून म्हणाला होता देवा माझा जीव घे, तर देवाने त्याला उपदेश केला नाही, आधी झोपवलं, मग भाकर आणि पाणी दिलं, मग परत झोपवलं.

कर्जाचं मला फार कळत नाही. पण सोसायटीच्या सचिवाला एकटा भेटू नको, तिथं दहा जणांना घेऊन जा ज्यांच्या बागा गेल्यात, पंचनाम्याचा कागद बरोबर ठेव. आणि त्या दलालाची पोलिसात तक्रार दे, क्षमा करायची ती मनात कर, तक्रार कागदावर कर, दोन्ही जमतं.

या रविवारी आमच्याकडं ये असं म्हणत नाही, तुझ्या मंडळीतच जा. शक्यतो मागच्या बाकावर बस, तिथं न गाणारे बरेच असतात, मी पूर आल्यानंतर चार महिने तिथंच होते आणि माझ्या शेजारी एक म्हातारी बसायची, ऐकायला कमी, चाल हमखास चुकायची, पण गाणं सुरू झालं की माझं मनगट घट्ट धरून ठेवायची, का ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पाळकसाहेबांना सांग की मावशीने विचारलंय, एखाद्या रविवारी अख्खं एकोणनव्वद वाचाल का म्हणून. नाही म्हणाले तर मला कळव, मी येते आणि वाचते.